पडद्याखाली गेलेलं फूल

माझी नात इथे इंदूरलाच, भंवरकुआंकडच्या एका कंपनीत लागून वर्षही झालेलं नाही, पण तिचं बोलणं ऐकलं तर कंपनी तिनेच उघडली असं वाटावं. तळहाताएवढे बोर्ड असतात, त्यांवर ती प्रोग्राम चढवते आणि मग कुठेतरी पंखा फिरतो नाहीतर झडप उघडते. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ती माझ्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. एकदम टाळी वाजवून म्हणाली, "आजी, चल गया!"

"काय चल गया?"

"अगं, याचा सिस्टिममार्फत जाणारा रीतसर ड्रायव्हर लिहायचा तर दोन दिवस गेले असते. मी काय केलं, मेमरीतला ॲड्रेस शोधला आणि आपल्याच प्रोग्राममधून सीधा तिथे लिहून टाकलं. झडप खटकन उघडली!"

"सिस्टिमने अडवलं नाही?"

"अडवतं ना. साध्या प्रोग्रामला तिथे हात लावू देत नाही. पण मी रूट होऊन घुसले. घरमालकाच्या चाव्या आपल्याकडे असल्या तर चौकीदार क्या कर लेगा?"

"आणि नंबर चुकला तर?"

"तर हँग होईल. रीस्टार्ट मारू. तू टेन्शन मत ले यार, आजी."

ती ऐट माझ्या ओळखीची होती. मीच ती कधीकाळी मिरवलेली, फक्त माझ्या ऐटीत हिंदी जरा कमी होतं. मी चहा टाकते म्हणून उठले. चहा आम्हा दोघींनाही नको होता. पण तिथे बसले असते तर तिला एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. बिचारा न ऐकताच गेला.

चहा उकळून उकळून काळा झाला तेव्हा मी बाहेर आले आणि सांगून टाकली. आता लिहूनही टाकते.

पोलोग्राउंडला एक कारखाना होता, पाण्याच्या पंपांची लोखंडी झाकणं करणारा. मी तेव्हा तिशीतली, मुलगी तिसरीत. गणित शिकलेली, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. एवढ्या भांडवलावर ती बाई काय तोऱ्यात चालायची! "ती बाई" म्हणते, कारण तिला "मी" म्हणायची अजून हिंमत होत नाही. सुती साडी, खांद्याला शबनम, त्यात फ्लॉपीचा डबा, आणि कुणी "कॉम्प्युटर म्हणजे काय हो?" विचारलं की आधी एक बारीकसं हसायची. त्या हसण्यासाठी मी आज तिचा कान पिळला असता. पण कान माझाच निघतो.

सेठजींनी कॉम्प्युटर घेतला होता तो शेजारच्या कारखान्यात आला म्हणून. त्याचं करायचं काय हे ठरवायला मला ठेवलं. मी ठरवलं, की झाकणांना भोकं पाडायचं यंत्र आहे ते याला जोडू. त्या यंत्रावर एक शिकंजा होता, हवेच्या दाबावर मिटणारा. झाकण त्यात ठेवायचं, पायाखालचं पॅडल दाबायचं, शिकंजा झाकण गच्च धरणार, मग वरून ड्रिल उतरणार. मी पॅडल आणि शिकंजा यांच्या मध्ये कॉम्प्युटर आणून बसवला. म्हणजे पॅडल दाबलं की खबर आधी माझ्या प्रोग्रामला, तो झाकण मोजणार आणि मग शिकंज्याला हुकूम देणार. सेठजींना पडद्यावर वाढत जाणारा आकडा फार आवडायचा. दिवसातून चार वेळा येऊन बघून जायचे.

त्या यंत्रावर एक मिस्त्री होते. आमच्यासारखेच संस्थानच्या फौजेतल्या घराण्यातले, तीन पिढ्यांपूर्वी तलवार सुटलेली आणि हातात पाना आलेला. ड्रिल बोथट झालं की आवाजावरून सांगायचे. त्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मला "बाई" म्हणायचे, मी त्यांना "मिस्त्रीजी". माझा कॉम्प्युटर आला तेव्हा एवढंच म्हणाले, "बाई, आधी माझा पाय आणि शिकंजा यांचं सरळ बोलणं होतं. आता मध्ये दुभाषी आला. दुभाषी शहाणा असू दे म्हणजे झालं."

मी बारीकसं हसले.

आता थोडं समजावून सांगावं लागेल, पण मी ते भाजीवालीलाही समजेल असं सांगते. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे एक लांबच लांब गल्ली, प्रत्येक घराला नंबर. त्यातली काही घरं पडद्याची. त्या घरांत अक्षर ठेवलं की ते पडद्यावर दिसतं. रीतसर काम करायचं तर सिस्टिमला सांगायचं, बाबा, अमक्या ओळीत हे अक्षर दाखव. तो ओळ आहे की नाही ते बघून दाखवणार. पण तो हळू. म्हणून हुशार लोक त्याला न विचारता थेट पडद्याच्या घरांत अक्षरं टाकायचे. पडदा असा भराभर हलायचा की बघणारा थक्क. आणि त्या काळच्या मशिनीत गल्लीला कुठे फाटक नाही, कुठे चौकीदार नाही. कुठलाही प्रोग्राम कुठल्याही घरात शिरू शकायचा.

कॉम्प्युटरच्या पोटात शिकंज्याला हुकूम देणारं जे कार्ड होतं, त्यालाही या गल्लीत एक घर द्यावं लागायचं. कार्डावरच्या इवल्या टोप्या इकडच्या तिकडे बसवून ते ठरवायचं. ते मीच ठरवलं. पडद्यासाठी राखलेली घरं, दिसणाऱ्या ओळींच्या आठपट असतात ती, जिथे संपतात त्याच्या लगेच पुढचं, मोकळं दिसलं म्हणून. शेजार मीच निवडला.

मग खंडेनवमी आली. आमच्या माहेरी त्या दिवशी पणजोबांची तलवार पाटावर ठेवायचे, शेजारी विळी, कात्री, अडकित्तासुद्धा. हत्याराची पूजा झाली की दिवसभर त्याला काम सांगायचं नाही. भाजी आदल्या संध्याकाळीच चिरून ठेवलेली असायची. कारखान्यातही तेच. यंत्रं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, मोटारी बंद. त्या दिवशी कारखान्यात इतकी शांतता असायची की भिंतीवरची पाल ऐकू यावी.

मिस्त्रीजी सकाळीच माझ्या टेबलाशी आले. पूजेसाठी सगळे अनवाणी होते, तेही. म्हणाले, "बाई, मोटर मी बंद केली. टाकीत हवा आहे, धूळ उडवायला ठेवलीय. शिकंज्याला वीज देणारं तुमचं पॅनल तेवढं बंद करा. आज सगळ्यांना विश्रांती."

"अहो मिस्त्रीजी, माझ्या कॉम्प्युटरची पण पूजा आहे ना? मग त्याने नटायला नको?"

"नटू दे. पण कामाला नका लावू."

"काम नाही हो, फक्त फुलं!" मी म्हटलं आणि पॅनल चालूच ठेवलं.

कारण त्या बाईने आदल्या दोन दिवसांत एक करामत केली होती. पडद्याच्या वर झेंडूचं तोरण, आणि त्यातून पिवळी फुलं टपटप खाली पडताहेत. फुलं म्हणजे पिवळ्या चांदण्या, त्या काळी तेवढंच जमायचं. प्रत्येक फूल एक ओळ खाली, मग आणखी एक ओळ खाली. सिस्टिमला न विचारता, थेट पडद्याच्या घरांत. मी अर्धा मिनिट चालवून बघितलं, स्वतःवर खूश झाले आणि बंद केलं.

पडदा पंचवीस ओळींचा. फूल पंचविसाव्या ओळीच्या खाली गेलं की ते थांबवायचं, हे मी लिहिलं नव्हतं. दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असं मी धरलं. पण ते संपत नव्हतं. पडद्याच्या खाली, कुणाला न दिसता, ते त्याच गल्लीतून घरामागून घर पुढे चाललेलं होतं. दोनशेच्या वर ओळी खाली गेलं की माझ्याच हाताने बसवलेलं ते कार्डाचं घर. तिथवर जायला फुलाला दीडेक मिनिट लागत होतं.

अर्धा मिनिट बघणाऱ्या बाईला ते कसं कळावं?

पूजा सुरू झाली. मी फुलं सुरू केली आणि सगळे माझ्या पडद्यासमोर गोळा झाले. सेठजी म्हणाले, "अरे वाह, मैडम ने तो मशीन से फूल बरसा दिए!" मी मान खाली घालून, नम्र दिसायचा प्रयत्न करत, सगळ्यांचे चेहरे बघत होते. मिस्त्रीजी तेवढे इकडे आले नाहीत. ते त्यांच्या यंत्राजवळ होते. आमच्यात यंत्राच्या कपाळाला कुंकू लावत नाहीत, ज्या अंगाने ते काम करतं त्या अंगाला लावतात. त्यांनी अनामिकेवर कुंकू घेतलं आणि हात शिकंज्याच्या आत घातला.

शिकंजा मिटला.

ते ओरडले नाहीत. "हवा काढा," एवढंच म्हणाले, साध्या आवाजात. आणि कुणाला ते आधी कळलंच नाही. शिकंजा सुटत नव्हता. फूल पुढे गेलं की मागची जागा मी रिकाम्या अक्षराने पुसत होते, मेमरीत प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, आणि चांदणीसारखाच त्या रिकाम्या अक्षराच्या आकड्यातसुद्धा नेमका शिकंज्याचा हुकूम होता. खराद्यावरच्या, म्हणजे लेथवरच्या, माणसाने धावत जाऊन हवेची नळी उपटली. तोवर मी जागची हलले नव्हते. पडद्यावर फुलं पडतच होती.

अनामिकेचं वरचं पेर गेलं. मधलं बोट राहिलं, पण वाकडं.

आठवड्याने सेठजींनी सगळ्यांना बोलावलं. मोटर बंद होती, मग शिकंजा मिटला कसा? हवा होती, पॅनल चालू होतं, म्हणजे पॅडल दाबलं गेलं. "मिस्त्रीजी, पैर लग गया होगा आपका."

हाताला पांढरं बँडेज बांधलेले मिस्त्रीजी म्हणाले, "नाही लागला. मी अनवाणी होतो. लोखंड गार लागलं असतं पायाला."

"तो फिर? भूत ने दबाया?"

हसले सगळे. मिस्त्रीजींनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमचं ते फुलांचं काही..?"

आणि ती बाई, गणित शिकलेली, तोरण लावणारी, म्हणाली, "त्याचा काय संबंध मिस्त्रीजी? ते तर नुसतं पडद्यावर होतं."

खरं सांगते, तोवर मला शंका होती, खात्री नव्हती. खात्री त्याच दुपारी झाली. मी प्रोग्राम उघडला, ओळी मोजल्या, घरांचे नंबर कागदावर मांडले. तीन वेळा मांडले. तिन्ही वेळा फूल त्याच घरात शिरलं. मग मी काय केलं? एक ओळ लिहिली: पंचविसाव्या ओळीनंतर थांब. एवढीच ओळ. नंतर घाबरून सगळी फुलंच पुसून टाकली आणि ज्यावर गणित मांडलं होतं तो कागद शबनममध्ये घालून घरी नेला, चुलीत घातला. गॅसची शेगडी होती घरात. तो जाळायला मी शेजारणीची चूल वापरली, अशी माझी अक्कल.

सेठजी मिस्त्रीजींना म्हणाले होते, "जिस दिन पक्का हो जाए कि गलती आपकी नहीं थी, मशीन आपकी. तब तक स्टोर में बैठिए." म्हणजे माझं एक वाक्य, आणि मिस्त्रीजी परत त्यांच्या यंत्रावर. मला हे माहीत होतं. रोज सकाळी स्टोरच्या खिडकीवरून जाताना माहीत होतं. ते आत डाव्या हाताने नटबोल्ट मोजून देत बसलेले असायचे. काही दिवस ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "पाय नाही लागला भिया, गार लागलं असतं." लोक "हो हो" म्हणून बोल्ट घेऊन जायचे. एकदा नवीन मुकादमाने विचारलं, "झालं काय होतं नेमकं?" मी तिथेच उभी होते, छापायचा कागद मागायला.

मिस्त्रीजी म्हणाले, "लागला असेल पाय. आता काय आठवतंय."

बोट गेलं तेव्हा मला रडू आलं होतं. त्या दिवशी आलं नाही. त्या दिवशी मला आधी हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी पस्तीसेक वर्षं सांभाळलंय.

पुढे वर्षभरात मी तो कारखाना सोडला. मुलांना कॉम्प्युटर शिकवायला लागले. वर्गात मी छातीठोक सांगायचे, "थेट मेमरीत हात घालू नये. विचारून जावं. विचारणं म्हणजे कमीपणा नव्हे." पोरं विचारायची, "मॅडम, तुमचं कधी चुकलं होतं का?" मी म्हणायचे, "पुस्तकात असं दिलंय."

हे सगळं ऐकून नातीने लॅपटॉप मिटला होता. मला वाटलं, आता ती तिच्या झडपेचं काहीतरी विचारेल. पण ती म्हणाली, "आणि त्या मिस्त्रीजींना कधी कळलं?"

"नाही."

"मतलब, अजून नाही?"

"अजून नाही."

"आजी! तू इतने साल चुप बैठी?" मग, "पत्ता आहे?"

खोटं बोलायची संधी होती. कृष्णपुऱ्याला संस्थानिकांच्या समाधीच्या छत्र्या आहेत, त्यांच्यामागच्या गल्लीत त्यांचं घर, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या बाजूला खरेदीला जायचं झालं की मी फेरा घालून जायचे, वरून म्हणायचे, तिकडे ट्रॅफिक फार. इंदूरच्या ट्रॅफिकने माझी बरीच अब्रू राखली आहे.

"आहे," मी म्हटलं.

"चल मग. गाडी काढते."

"आत्ता? अगं, ते असतील की नाही..."

"असतील तर?"

ते होते. ऐंशीच्या घरातले, ओसरीवर खुर्चीत, पाय उघडे. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "बाई! या, या. ही नात का?" मोठी सून पाणी घेऊन आली. मोठा मुलगा आतून डोकावून नमस्कार करून गेला. मिस्त्रीजींनी उठून खुर्ची सरकवायला हात पुढे केला तशी सून पटकन म्हणाली, "राहू द्या दादा, तुम्ही नका, लागेल हाताला." ती हे रोज म्हणत असणार, इतकं सहज म्हणाली. मग मला सांगायला लागली, "ते आहेत ना, जरा विसरभोळे. कारखान्यात एकदा लक्ष नसताना पाय लागला होता. तेव्हापासून आम्ही त्यांना गॅसजवळ, मिक्सरजवळ जाऊ देत नाही. स्कूटरपण तेव्हाच सोडायला लावली होती आईंनी."

मिस्त्रीजी हसत मान हलवत होते.

मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. पहिलंच वाक्य विसरले. म्हणाले, "मिस्त्रीजी, तुमचा पाय लागला नव्हता."

त्यांची मान हलायची थांबली.

"माझी फुलं होती ती. पडद्यावरून खाली गेली आणि शिकंज्याला हुकूम देऊन आली. मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी बोलले नाही."

"पाय लागला नव्हता?"

"नाही."

"नक्की?"

"तीन वेळा मांडून बघितलं होतं मी. तेव्हाच."

त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, अंगठा जरा हलवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. मी पायाकडेच बघत राहिले. मग ते म्हणाले, "सेठजींना सांगितलंत?"

"सेठजी गेले मिस्त्रीजी. कारखानाही नाही आता, तिथे टाइल्सचं गोदाम आहे."

"खराद्यावाला?"

"माहीत नाही."

"म्हणजे ज्यांना सांगायचं ते कोणीच उरलं नाही, तेव्हा आलात."

नात माझ्या शेजारी उभी होती. तिच्यासमोर हे ऐकावं लागलं ही माझी शिक्षा, असं म्हणणार होते, पण शिक्षा त्याहून बरीच पुढे होती. मिस्त्रीजींनी सुनेला हाक मारली. "कागद आण. पेन आण. बाई, लिहून द्या."

"काय लिहू?"

"जे झालं ते. तुमच्या त्या गल्लीच्या गोष्टी नकोत. साधं लिहा."

मी लिहिलं. पहिला कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचला आणि परत दिला. "इथे 'चूक झाली' असं लिहिलंय. कुणाची? झाडाची? 'मी केली' लिहा. आणि 'मिस्त्री' नका लिहू, 'ड्रिल ऑपरेटर' लिहा. तो माझा हुद्दा होता." मी दुसरा कागद घेतला. नात माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने एक शब्दही सुचवला नाही. एरवी मला स्पेलिंग शिकवते.

सही केली. कागद पुढे केला आणि म्हटलं, "मिस्त्रीजी, मला माफ..."

"ते नंतर. आधी वाचा. मोठ्याने. बेटा, बाहेर ये रे. आणि तूही इथे बस," हे सुनेला.

मोठा मुलगा बाहेर आला, दाराला टेकून उभा राहिला. त्याचा मुलगाही मोबाइल हातात धरून मागे आला. मी वाचलं. पोरांना इतकी वर्षं शिकवलेली मी, तीन ओळींत दोनदा अडखळले. संपल्यावर सून म्हणाली, "म्हणजे दादांचं लक्ष होतं?" मुलगा वडिलांकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत होता.

मिस्त्रीजींनी कागद हातात घेतला नाही. फाटकाशी मोटारसायकल थांबली होती, तिकडे बोट दाखवलं, ते वाकडं बोट.

"धाकटा आला," ते म्हणाले. "त्याने ऐकलं नाही. बाई, परत वाचा."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.